मळखाऊ रंग

आमच्या घरात एकही मळकट रंगाची वस्तू नाही, हे लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. पायपुसणं लाल, छत्री पिवळीधमक, नवऱ्याचे बूट असे निळे की अंधाऱ्या जिन्यातही चुकू नयेत. माहेरून आणलेली माझी राखाडी शाल सासूबाईंनी स्वतः घडी करून कपाटाच्या तळाच्या खणात ठेवली. "घरात घे हो पांघरायला. बाहेर नको," एवढंच म्हणाल्या.

कारण नवऱ्याने सांगितलं. सासरे जमीन-मोजणीच्या खात्यात होते. डोंगरात खुणा रोवायला गेले, धुकं उतरलं आणि वाट चुकली. शोधायला गेलेली माणसं त्यांच्यापासून साठ पावलांवरून दोनदा गेली. चौथ्या दिवशी एका मेंढपाळाच्या कुत्र्याने माग काढला, तोवर उशीर झाला होता. अंगात चिखलाच्या रंगाचा कोट होता. नवरा तेव्हा सात वर्षांचा. त्यानंतर त्याला जे काही घालायला मिळालं ते दोन गल्ल्यांवरून ओळखू यायचं. शाळेत पोरं त्याला 'सिग्नल' म्हणायची. अजूनही जुने मित्र भेटले की विचारतात, "काय सिग्नल, आज लाल का हिरवा?"

त्या सिग्नलचं सगळं सामान मी माझ्या हाताने विझवलं. ती हकीकत लिहून ठेवते आहे.

नवरा घरट्यांची राखण करतो. ऐकणाऱ्याला हे काम गमतीचं वाटतं. प्रत्यक्षात शिकारी पक्ष्यांची एक जोडी कड्याच्या कपारीत अंडी घालते, आणि ती अंडी चोरून नेणारी माणसं असतात. म्हणून हंगामभर कड्यासमोर तंबू ठोकून बसायचं. वीस दिवस वर, पाच दिवस घरी. वर फोन लागत नाही. पाणी आणायला अर्धा तास खाली उतरावं लागतं. या कामासाठी सासूबाईंनी त्याला तंबू, जाकीट, पाठीवरची सॅक आणि टोपी असं सगळं स्वतः दुकानात उभं राहून घेऊन दिलं होतं. सगळं नारिंगी. दुकानदार म्हणाला होता म्हणे, "आजी, हा रंग हेलिकॉप्टरमधून दिसतो." सासूबाई म्हणाल्या, "मग हाच द्या."

गेल्या वर्षी तो रंग दरीपलीकडच्या रस्त्यावरूनही दिसला. चोरांना घरटं शोधावंच लागलं नाही. तंबूचं तोंड जिकडे, तिकडे त्यांनी पाहिलं. नवरा पाण्याला गेल्याच्या अर्ध्या तासात दोन्ही अंडी गेली. तो घरी आला तेव्हा दोन दिवस धड जेवला नाही. आमची लेक, छोटी, त्याच्या मांडीवर चढून त्याच्या दाढीशी खेळत होती आणि तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मीच बोट दाखवलं गं त्यांना. पूर्ण हंगामभर बोट दाखवत बसलो होतो."

यंदा जोडी परत आली. वनखात्यातल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, या रंगात वर पाठवणार नाही. थोडे दिवस बदली माणूस बसवतो, तेवढ्यात सामान बदला, नाहीतर कायमचा दुसरा माणूस बघतो. नवऱ्याला ते काम दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं. गेलेली अंडी त्याच्या डोक्यातून गेलेली नव्हती. नवं सामान मिळायला महिना लागणार होता आणि मादी तर अंड्यांवर बसलीही होती. तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. छोटी व्हायच्या आधी मी कापड तपासायच्या प्रयोगशाळेत होते. कुठल्या धाग्यावर कुठला रंग चढतो हे पोटासाठी शिकलेली आहे मी.

"आईला कोण सांगणार?" मी विचारलं.

"तू."

"का म्हणून? आई तुझी."

"म्हणूनच. माझं ऐकून घेणार नाही. तुला निदान ऐकून घेऊन मग नाही म्हणेल."

मी दोन दिवस सांगितलंच नाही. माझी स्वतःचीच झोप उडाली होती. मी आधीच काळजीचं दुकान आहे, असं नवरा म्हणतो. छोटी दुसऱ्या खोलीत पाच मिनिटं गप्प राहिली तरी मी उठून बघून येते. आता ज्या माणसाची काळजी वाटते त्यालाच दिसेनासा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. तो पडला, पाय मोडला, तर कोण कशाच्या आधारे शोधणार? दुसऱ्या बाजूला त्याचा तो भिंतीकडे लागलेला चेहरा होता.

तिसऱ्या दिवशी मी शिवणीच्या आतून कापडाचे तुकडे कापले आणि मोरीत बसून एकेक पेटवून पाहिला. जाकीट आणि सॅक नायलॉनची निघाली. त्यावर गरम पाण्यात, व्हिनेगर घालून रंग चढतो. तंबूचा तुकडा काळा धूर सोडत वितळला, म्हणजे पॉलिस्टर. त्यावर असला रंग चढत नाही, वरून स्पंजाने थापावा लागतो. पाणी फार तापवलं की आतला पाणी अडवणारा थर जातो, म्हणून थर्मामीटर धरून बसले. नारिंगीला मारायला निळा घालावा लागतो. किती घालायचा ते तुकड्यांवर ठरवलं होतं, पण जाकीट बुडवलं तेव्हा छोटी शेजारच्या खोलीत पडली, रडली, मी तिला उचलायला धावले आणि जाकीट दहा मिनिटं जास्त राहिलं.

बाहेर काढलं तर हिरवट व्हायच्या ऐवजी ते तपकिरी झालं होतं. ओल्या चिखलासारखं. उतारावर उलट जास्त लपेल असं मनाशी म्हणत मी ते गच्चीतल्या दोरीवर टाकलं.

संध्याकाळी सासूबाई कपडे काढायला गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. मी वर गेले तर त्या दोरीसमोर उभ्या होत्या. जाकिटाची एक बाही त्यांनी दोन बोटांत धरली होती, एखाद्याचं मनगट धरावं तशी.

"हा कोट कुणाचा?"

"त्याचा. मी रंगवला." मग मी सगळं सांगितलं. साहेबांचं, अंड्यांचं, वेळ नसल्याचं. बोलताना माझं मलाच कळत होतं की मी फार भराभर बोलते आहे.

त्यांनी ऐकून घेतलं. नाही म्हणाल्या नाहीत. दोरीवरचे बाकीचे कपडे काढून खांद्यावर टाकले, जाकीट तसंच ठेवलं आणि जिना उतरायला लागल्या. दोन दिवस आमच्याशी कामापुरतं बोलल्या. छोटीला गोष्ट सांगणं चालू होतं, तेवढाच काय तो त्यांचा आवाज. नवरा म्हणाला, "ओरडली असती तर बरं झालं असतं."

मी काम थांबवलं नाही. तंबूच्या पुढच्या पडद्याचं लोंबणारं जादा कापड कापून बाजूला ठेवलं, मग तंबू गच्चीवर पसरून स्पंजाने ठिपके थापले, मोठे, लहान, वेडेवाकडे, कारण सलग एकच रंग डोंगरात कुठेच नसतो. चमकणाऱ्या पट्ट्यांवर काळपट फीत शिवली. रंगापेक्षाही चकाकी आधी डोळ्यांत भरते, म्हणून सॅकची बकलं काचकागदाने घासली आणि त्यांवर बिनचमकीचा रंग दिला. एक हात दिला, वाळवला, दुसरा दिला. छातीवरच्या पट्ट्याचं बकल फारच भडक होतं, त्यातून नारिंगी डोकावतच राहिलं, तर त्याला तिसरा हात दिला. किणकिणणाऱ्या चेनच्या कड्या काढून तिथे दोरी बांधली. सगळं संपल्यावर मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

राहिली होती टोपी. ती भांड्यात घालणार तोच सासूबाई मोरीच्या दारात आल्या.

"ती इकडे दे."

"आई, ती नारिंगी राहिली तर बाकी सगळं करून काय उपयोग?"

"वरून तुझा रंग देते. आतून माझा राहील." टोपी त्यांनी माझ्या हातातून घेतली. "तो दिसू नये याचं तुम्ही बघताय ना? मग सापडावा याचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी टोपी तयार होती. वरून माझ्याच उरलेल्या रंगात बुडवलेल्या मळकट कापडाचं आवरण, आत मूळचं नारिंगी तसंच. उलटी केली की पेटल्यासारखी दिसायची. नवऱ्याने ती घालून आरशात पाहिलं. "सिग्नल खिशात घातलास की गं आई." सासूबाई हसल्या नाहीत, पण दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या ताटात वाढताना "अजून घे" म्हटलं. मी टोपीची कड तपासली. एके ठिकाणी सुतभर नारिंगी दिसत होतं, तिथे हळूच दोन टाके घातले. त्यांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

रविवारी सकाळी परीक्षा घ्यायची ठरली. गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिच्या वरच्या उतारावर झुडपं, सुकं गवत आणि मोठाले दगड आहेत. नवऱ्याने वर जाऊन कुठेतरी बसायचं, आम्ही खालच्या रस्त्यावरून अर्धा तास शोधायचं. मग मी पांढरा टॉवेल हलवला की त्याने शिट्टी वाजवून उभं राहायचं. अशा सॅकच्या छातीवरच्या बकलातच एक चपटी शिट्टी बसवलेली असते. फोन त्याने मुद्दाम माझ्याकडे दिला. "वर नसतोच ना? परीक्षा म्हणजे परीक्षा."

सासूबाई येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार होत्या.

वीस मिनिटांत मी दुर्बिणीने उतार तीन वेळा पट्ट्या-पट्ट्याने पाहिला. तो कुठेच नव्हता. एकदा वाटलं सापडला, तर तो दगड निघाला. छोटी माझी बाही ओढत होती.

"बाबा कुठे?"

"वर आहेत. लपलेत."

"नाहीयेत बाबा," ती म्हणाली. रडून नाही, एखादी माहिती द्यावी तशी. सासूबाईंनी तिला उचलून घेतलं.

अर्धा तास झाला. मी टॉवेल हलवला आणि थांबले. उतारावर काही हललं नाही. वारा आमच्याकडून त्याच्याकडे होता, टॉवेल फडफडत होता, तो त्याला दिसला नसेल असं शक्यच नव्हतं.

"मस्करी करतोय," मी म्हणाले.

"शिट्टी का नाही वाजवत?" सासूबाईंनी विचारलं.

मी हाक मारली. परत मारली. पाच मिनिटांनी माझा आवाज वेगळा झाला. मी पुन्हा दुर्बीण लावली आणि पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली. वर चढायचं तर कुठे? माणूस नेमका कुठे आहे हे कळू नये म्हणून आठ दिवस राबले होते मी, आणि काम चोख झालं होतं.

छोटीला कडेवर घेऊन सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि नुसत्या डोळ्यांनी बघत होत्या. चष्माही पिशवीत होता. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि परत पाहायचं धाडस झालं नाही.

"तिकडे," त्या म्हणाल्या.

मी जिथे शोधत होते त्याच्या पुष्कळ डावीकडे, दोन दगडांच्या मधून, एक नारिंगी ठिपका वर आला. काडीच्या टोकावर अडकवलेला. खाली गेला, परत वर आला.

छोटीला त्यांच्यापाशी ठेवून मी चढले. हातापायांना काय काय बोचलं ते घरी आल्यावर कळलं. नवरा दोन दगडांच्या फटीत कमरेपर्यंत अडकून बसला होता. टॉवेल पाहून उभा राहताना दगड सरकला आणि पाय घोट्यापासून मुरगळून फटीत गेला होता. तोंडाला रंग राहिला नव्हता.

"तुमचं सगळं ऐकू येत होतं मला," तो म्हणाला. "माझंच तुम्हाला येत नव्हतं. फुंकून फुंकून गालफडं दुखली."

मी बकल हातात घेतलं. शिट्टीची फट दिसतच नव्हती. तिथे सपाट, मऊ, सुरेख बिनचमकीचा रंग होता. तीन हातांचा.

त्याने ते आधीच पाहिलं होतं. "असू दे," म्हणाला. "आधी दगड हलव."

फांदी घालून दगड हलवायला पंधरा मिनिटं लागली. माझ्या खांद्यावर भार टाकून तो रस्त्यापर्यंत आला तेव्हा सासूबाईंनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि टोपी त्याच्या हातातून काढून घेतली. छोटी म्हणाली, "हे बघ, आहेत बाबा," जणू तिनेच त्याला शोधून आमच्या हवाली केलं होतं.

घोटा मोडलेला नव्हता. डॉक्टरांनी आठ दिवस पाय टेकू नका म्हणून सांगितलं, साहेबांनी तेवढे दिवस बदली माणूस वरच ठेवला. दुपारी तो झोपला तेव्हा मी स्वयंपाकघरात सुई घेऊन शिट्टी साफ करायला बसले. रंग चांगलाच बसला होता. टोकरून कणाकणाने निघत होता. सासूबाई समोर येऊन बसल्या.

"आई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "शिट्टी मीच बुजवली. ही शिट्टी आहे हे माहीत होतं मला. रंगवताना डोक्यातच आलं नाही. नुसतं भडक दिसत होतं, म्हणून."

त्यांनी माझ्या हातातली सुई घेतली, उजेडाकडे धरून फटीत घातली आणि काम पुढे चालू केलं. मग म्हणाल्या, "ह्यांचा कोट मी शिवला होता."

मला हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं.

"दुकानात दोन कापडं होती. एक छान गडद निळं, वर पिवळी रेघ. ह्यांना ते आवडलं होतं. मी म्हटलं, मोजणीला जाता, चिखलात लोळून येता, धुवायचं कुणी? मळखाऊ रंग घेऊ." सुई थांबली नाही. "धुवायला बरा म्हणून घेतला गं. एवढंच."

भिंतीवरचं घड्याळ, बाहेर कुणीतरी सायकल टेकवल्याचा आवाज, आणि ताटलीत पडणारे रंगाचे बारीक कण. बऱ्याच वेळाने त्यांनी बकल तोंडाला लावलं आणि फुंकलं. शिट्टी इतकी कर्कश वाजली की आतून नवरा दचकून ओरडला, "काय झालं?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "झोप तू."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तंबूच्या पुढच्या पडद्याचं कापड उरलंय ना? नारिंगी?"

उरलं होतं. दोन हात लांब, हातभर रुंद. ते त्यांनी टोपीच्या आत चोरखिशात घडी करून बसवलं, एका ओढीत बाहेर येईल असं. खूण ठरली: काही बिनसलं तरच ते काठीला लावून उभं करायचं. एरवी बाहेर काढायचंच नाही, आम्हाला हात करायलाही नाही.

निघताना नवऱ्याने सॅक पाठीवर घेतली आणि दारात उभा राहिला. जाकीट तेच, तपकिरी. वेगळा रंग देऊ का, मी विचारलं होतं. सासूबाईंनी नको म्हटलं. त्यांनी त्याच्या छातीवरचं बकल लावलं, त्याला शिट्टी वाजवायला लावली, मग मला वाजवायला लावली, मग छोटीलाही. शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. "मॅच आहे का काय?" त्यांनी विचारलं.

दर रविवारी आम्ही तिघी बसने दरीपलीकडच्या रस्त्याला जातो. गेल्या वर्षी चोरांनी जिथून पाहिलं, तोच हा रस्ता. इथल्या थांब्यावर माणसं बसची वाट बघत उभी असतात, त्यांच्यातच आम्हीही उभ्या राहतो. दुर्बीण आणायची नाही, बोट दाखवायचं नाही, हा नियम माझा. छोटीला फक्त "डोंगर बघायला" असं सांगितलं आहे. इथून तंबू कुठे असेल ते मला माहीत आहे, आणि तरी तिथे गवत, दगड आणि सावल्या यांखेरीज काही नसतं. अकरा वाजल्यापासून पुढच्या बसपर्यंत पंचवीस मिनिटं मिळतात. तेवढा वेळ सासूबाई चष्मा न लावता उतारावर नजर ठेवतात, डावीकडून उजवीकडे, मग उलट.

काल तिसरा रविवार होता. एकदा कड्याच्या वर एक मोठा पक्षी आला, पंख न हलवता फिरला आणि कपारीत उतरला. सासूबाईंनी तो पाहिला, पण त्यांची नजर लगेच खाली उतारावर परत गेली.

बस आली. लोक चढायला लागले. मी छोटीला उचललं आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"दिसला का काही?" मी विचारलं.

त्या आणखी क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली.

"नाही," त्या म्हणाल्या. "काहीच नाही. चल."